धुराडं बुजवण्याआधी

१

कुठल्याही घराचं काम अंगावर घेण्याआधी सहदेव गवंडी त्याच्या भिंतीला तळहात लावून थोडा वेळ गप्प उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटे, मनातल्या मनात देवाचं नाव घेतोय. तसं काही नव्हतं. भिंतीत ओल मुरलीय की नाही हे हाताला आधी कळतं आणि डोळ्याला मागाहून, एवढाच त्यातला मतलब. त्याचे वस्ताद तानाजी असंच करायचे. सहदेव विटेवर वीट ठेवायला त्यांच्याकडून शिकला, तशी ही सवयही त्याने उचलली होती.

बावन्न सालच्या चैत्रात तो कल्याणला, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवरच्या एका बंगल्याच्या मागच्या अंगाला असाच उभा होता. हाताखालची भिंत ठणठणीत कोरडी होती. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने दुसराही हात टेकवला.

बंगला आगगाडीच्या कुणा गोऱ्या ड्रायव्हरने बांधलेला. स्वराज्य आल्यावर तो बिऱ्हाड गुंडाळून विलायतेला गेला. ठाण्याला टेंभी नाक्यावर भावाभावांच्या भाऊगर्दीत अर्धं आयुष्य काढलेल्या अण्णा गुप्त्यांनी निवृत्त झाल्यावर तो विकत घेतला. अण्णा आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई, दोघंच माणसं. साहेबाला जेवण हवं असायचं पण त्याचा वास नको असायचा, म्हणून त्याने मुदपाकखाना बंगल्यापासून सुटा, अंगणापलीकडे बांधलेला. एकच खोली, वर मंगलोरी कौलं, आणि एका भिंतीला कमरेइतक्या उंचीवर ओटा असलेली विटांची रुंद चूल. तिच्यावरून धुराडं उठायचं ते कौलांतून वर पार जांभळाच्या फांद्यांपर्यंत. गुप्त्यांचा स्वयंपाक बंगल्यातच शेगडीवर व्हायचा. खोली नुसती पडून होती.

"धुराडं साफ करून वरून-खालून नीट बुजव," अण्णा म्हणाले, "पाकोळ्या आणि पाऊस दोन्ही आत येतात. कौलं चाळून दे, आणि मग इथेच राहा बिऱ्हाड करून. आम्हाला घराजवळ माणूस हवंच आहे."

सहदेवला हे स्वप्नात सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तो साताऱ्याकडचा, पोटामागे इकडे आलेला. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीच्या निर्वासितांसाठी बराकींच्या खोल्या पाडायचं काम निघालं तेव्हापासून इथेच राहिलेला. बिऱ्हाड मिठागराच्या बांधाला लागून एका खोपटात. मोठ्या भरतीला जमिनीखालून पाणी वर यायचं आणि अंथरूण सकाळी पिळावं लागायचं. त्या खोपटात त्याची बायको कलावती दोनदा बाळंत झाली. दोन्ही वेळा मूल धड होतं, हातपाय जागच्या जागी होते, पण ते रडलं नाही. सुईणीने उलटं धरून पाहिलं, थापट्या मारून पाहिल्या. रडलं नाही ते नाहीच.

पोरांच्या छातीत ओल शिरली, असं सहदेवने ठरवून टाकलं होतं. खरं-खोटं देव जाणे, पण गवंड्याला ओलीवाचून दुसरा वैरी ठाऊक नसतो. आता कलावतीला आठवा लागला होता. तिसऱ्या खेपेला तरी मूल कोरड्या जागी जन्मावं आणि जन्मल्याबरोबर रडावं, याच्यापलीकडे त्याला या जगाकडून काही नको होतं.

२

काम सोपं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिगाऱ्याला घेऊन आला. बिगारी म्हणजे काळुराम, डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या गावचा आगरी, वयाने सहदेवपेक्षा बराच मोठा आणि बोलायला हिशेबी. काळुराम खाली चुलीपाशी थांबला. सहदेव कौलांवरून धुराड्याच्या तोंडाशी चढला आणि आत डोकावला. काळोख, आणि जुन्या काजळीचा कडवट वास. मध्ये कुठे पडझड झालीय का, धुराडं कुठे कलंडलंय का, हे बघायला त्याने ओळंबा आत सोडला.

ओळंबा हा मोठा अवखळ प्राणी. दोरी कितीही जपून सोडा, खालचं पितळी लोळकं आधी मनसोक्त झोके घेतं आणि मग थकून स्थिर होतं. गवंड्याला वाट बघावी लागते. नवखे गवंडी हाताने धरून ते थांबवतात आणि वस्तादाच्या शिव्या खातात.

सहदेवच्या ओळंब्याने वरच्या अंगाला नेहमीसारखे झोके घेतले. अर्ध्यावर गेला आणि एकदम थांबला. झोका लहान लहान होत गेला नाही. होता तो तिथेच संपला.

टेकला असेल, सहदेवने मनाशी म्हटलं. पण टेकला असता तर दोरी सैल पडली असती, आणि दोरी ताठ होती, खाली लोळक्याचं पुरतं वजन होतं. अडकला असेल. त्याने मुद्दाम दोरी हलवली. हातापाशी ती हलली, खाली हलली नाही. मग त्याने ओढून पाहिली, तर ओळंबा कुठेही न अडता सरळ वर आला.

त्याने तो तळहातावर घेतला. सहदेवची बोटं, मनगट, दोरी, सगळं काजळीने बरबटलेलं होतं. लोळकं मात्र स्वच्छ होतं. त्याच्यावर कित्येक महिन्यांची चुन्याची पुटं होती तीही गेली होती. पितळ लख्ख पिवळं दिसत होतं.

"काय रं, टेकला का?" खालून काळुरामने विचारलं.

"टेकला," सहदेव म्हणाला.

हे तो का म्हणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती हे खरं. पण भिंत कोरडी होती, आणि तेही तेवढंच खरं होतं. आत कुणा पाखराचं जुनं घरटं असेल, त्यातल्या काथ्याने लोळकं घासलं गेलं असेल, असं म्हणून त्याने ओळंबा पिशवीत टाकला.

३

करवंदीच्या काटेरी फांद्यांचा भारा दोराला बांधून त्यांनी धुराडं वरपासून खालपर्यंत घासून काढलं. इतक्या वर्षांची काजळी म्हणजे घमेल्यांनी निघायला हवी. निघाली ती ओंजळभर. काळुरामने ती झाडूने ओढली, बघितली आणि बाहेर टाकून आला.

धुराडं मोकळं झालं का, हे बघायची रीत जुनीच आहे. चुलीत ओला पेंढा पेटवायचा. वरून धूर सरळ निघाला तर वाट मोकळी, खोलीत परतला तर कुठेतरी बोळा. काळुरामने पेंढा पेटवला. सहदेव वर उभा.

"गेला वर," काळुराम ओरडला. "चांगला ओढतोय."

सहदेव वाट बघत राहिला. वर काहीच येईना. त्याने धुराड्याच्या तोंडावर हात धरला. ऊबसुद्धा लागेना.

"खोलीत परत येतोय का?"

"नाय. सगला वर जातोय."

पेंढा जळून गेला. सहदेव खाली उतरला. खोली स्वच्छ होती, डोळ्यांना जराही झोंबत नव्हती. निखाऱ्यांवर पाणी ओतून ते जांभळाखाली भाकरी खायला बसले. काळुरामने सुकट आणली होती, सहदेवकडे ठेचा होता. अर्धी भाकरी पोटात गेली असेल नसेल, तोच काळुरामचा घास हातात राहिला. तो वर बघत होता.

धुराड्यातून धूर येत होता. थोडासा यायचा, थांबायचा. पुन्हा थोडासा यायचा, पुन्हा थांबायचा. विझलेल्या चुलीचा धूर तो, पण निघायचा अगदी ताजा, पांढरा. सहदेवच्या लक्षात आलं की आपणही नकळत तसाच श्वास घेतोय. तो मुद्दाम खोकला.

काळुरामने भाकरी फडक्यात बांधली.

"मना उद्यापासून जमनार नाय," तो उठत म्हणाला. आणि फाटकाशी पोचल्यावर, मागे न बघता, "बुजवू नको तू ते. हाय तसं राहू दे."

संध्याकाळी सहदेवने अण्णांना धुराची गोष्ट सांगितली. अण्णांनी हसण्यावारी नेली नाही. चष्मा काढून नीट विचार केला. वरचा भाग उन्हाने तापलेला, खालचा गार. गार हवेने धूर धरून ठेवला आणि ती तापल्यावर सोडला. असं होऊ शकतं, ते म्हणाले. सहदेवला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं, पण या गोष्टीला कारण आहे एवढं कळलं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवशी त्याला चांगली झोप लागली.

४

मधल्या एका दिवशी कलावती खोली बघायला आली. कलावती म्हणजे बोलकी बाई. सहदेव कुठे लांब परांचीवर असला तरी रस्त्यावरून तिची "अवो" अशी हाक यायची आणि बाकीचे गवंडी हसायचे. नवऱ्याचं नाव मात्र तिने तोंडातून कधी काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कारकुनाने विचारलं तेव्हा "पांडवांतला शेवटचा" म्हणून मोकळी झाली. कारकून भला माणूस, पुराण जाणणारा. त्याने बरोबर लिहून घेतलं.

खोलीत पाऊल ठेवताच तिने भिंतीला हात लावला. गवंड्याचीच बायको ती. मग तिने पदराने डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. पाण्याची कळशी इथे, मडक्यांची उतरंड तिथे, आणि बाज चुलीच्या भिंतीला लागून, कारण ती सगळ्यांत कोरडी.

"पोर हितं रडंल," ती बाजेची जागा दाखवत म्हणाली. "बगा तुमी. समद्या आळीला ऐकू जाईल."

मग चुलीच्या ओट्यावर हात टेकून तिने धुराड्यात मान घातली आणि "अवो" अशी हाक मारली. विहिरीत वाकून पोरं ओरडतात तशी. आवाज परत आला नाही. तिने पुन्हा मारली. थांबून ऐकलं.

"गिळला की मेल्यानं," ती हसून म्हणाली. मान बाहेर काढली तेव्हा तिच्या कपाळावरचा घाम सुकला होता. आत गार लागतं म्हणाली, बरं वाटतं म्हणाली. पुन्हा एकदा वाकायला लागली तेव्हा सहदेवने तिला दंडाला धरून मागे घेतलं. असं त्याने का करावं हे तिला कळेना आणि ती थोडी फुरंगटली.

दोघं फाटकातून बाहेर पडली. कलावती पुढे होती. मागून, वरून कुठूनतरी, "अवो" अशी हाक आली.

"काय?" सहदेव म्हणाला.

"मी कुठं काय बोलले?" कलावती म्हणाली.

धुराचं झालं तेच आवाजाचं झालं, सहदेवने स्वतःला सांगितलं. गार हवेने धरून ठेवला आणि मग सोडला. कारण हाताशी तयार होतं, ते त्याने वापरलं.

५

खालचं तोंड त्याने आधी बंद केलं. अर्ध्या विटेची भिंत, चुन्यात बांधलेली, वरून गिलावा. पोकळ जागा बंद करताना गवंडी कुठेतरी बोटभर भोक ठेवतो, हवा खेळती राहिली नाही तर नवा गिलावा तडकतो म्हणून. ते भोक सहदेव वरच्या बाजूला ठेवणार होता. वर बसवायला त्याने शहाबादी फरशी कापून आणली होती.

फरशी बसवण्याआधी एक काम राहिलं होतं. तानाजी वस्तादांच्या हाताखाली शिकलेले गवंडी कुठलीही पोकळी बुजवण्याआधी आत आवाज देत. त्याचं असं झालं होतं की छावणीतल्या एका बराकीत दोन भिंतींमधल्या सांदीत मांजर व्यालेलं, आणि कुणालाही पत्ता न लागता भिंत बंद झाली. ओरडणं ऐकू येईपर्यंत वर गिलावा झाला होता. मुकादमाने फोडू दिला नाही. तेव्हापासून वस्तादांनी नियम घातला. आवाज द्यायचा, पान चघळून होईल इतका वेळ थांबायचं, मगच बंद करायचं. उत्तर आलं तर काय करायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मांजर असेल तर ओरडेल, पाखरू असेल तर फडफडेल, ते काढून टाकायचं. त्याहून वेगळं उत्तर येत नसतं.

सकाळचं ऊन होतं. विहिरीपाशी सुहासिनीबाई आणि कलावती चिंच फोडत बसल्या होत्या. वरून सहदेवला कलावतीची पाठ दिसत होती आणि हिरव्या लुगड्याचा पदर. त्याने धुराड्यात तोंड घातलं.

"कोन हाय का आत? निगा. बंद करतोय."

त्याचा आवाज आत गेला आणि परत आला नाही. तो थांबला. थापीवरचा चुना सुकायला लागला.

"सहदेव," आतून कलावती म्हणाली.

झोपलेल्या माणसाला उठवताना माणूस बोलतं तितक्याच हळू. त्याने मान वर करून विहिरीकडे पाहिलं. कलावती तिथेच होती. पाठमोरी. सुहासिनीबाई काहीतरी सांगत होत्या, त्यांचा हात चालू होता. कलावतीचा हात ताटात नुसता ठेवलेला होता, चिंचोका निवडता निवडता थांबलेला.

"सहदेव, मी हाय आत."

त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. ही खोली आता हातची जाणार, भरतीच्या पाण्यावर पुन्हा अंथरूण घालावं लागणार, याचा राग. त्या रागात त्याचं डोकं मात्र फार नीट चाललं. बायको समोर दिसतेय, मग आत ती कशी असेल, हे एक. तिचे आधीचे बोल आत राहिले असतील म्हणावं, तर ती फक्त अवो म्हणाली होती. आणि मुख्य म्हणजे हे जे कुणी आहे ते नाव घेऊन हाक मारतंय. कलावती मेली तरी माझं नाव घ्यायची नाही. तेव्हा ही कलावती नव्हे, आणि कलावती नसेल तर मी हिचं काही देणं लागत नाही.

त्याने कडेला चुना थापला आणि फरशी उचलली. वजनदार होती, पण एकट्याने उचलली. बसवताना आतून आणखी काहीतरी ऐकू आलं. त्याने ते ऐकलं नाही. मग भोकासाठी ठेवलेली जागाही त्याने विटेचा तुकडा आणि चुना घालून बंद केली. हे गवंड्याच्या रीतीत बसत नव्हतं. त्याचा हात थांबला नाही, इतकंच.

खाली आला तेव्हा त्याचं अंग घामाने निथळत होतं. कलावती चिंच निवडत होती.

"मला हाक मारलीस का तू?" त्याने विचारलं.

तिने मान हलवून नाही म्हटलं.

६

वैशाखात ती दोघं खोलीत राहायला आली. खोली होती तशीच कोरडी होती. मीठ पाझरलं नाही, तांदळाला कीड लागली नाही. सुहासिनीबाई कलावतीवर खूष होत्या. किती शांत बाई आहे, उगीच बडबड नाही, असं त्या अण्णांना सांगायच्या. पहिल्यांदा भेटली तेव्हा वाटलं होतं, ही काही तोंड मिटायची नाही.

सहदेव हे ऐकायचा. कलावती बोलत नव्हती असं नाही. विचारलेल्याला उत्तर द्यायची, एका शब्दाचं. पण हाक मारणं बंद झालं होतं. तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असला तर ती चालत यायची, पोट सावरत, आणि त्याच्या बाहीला हात लावायची. दिवस भरत आले की बायका गप्प होतात, असं रखमाबाई सुईण म्हणाली. रखमाबाईने आळीतली निम्मी पोरं या जगात आणली होती. तिच्या शब्दाला वजन होतं. सहदेवने तो शब्द घट्ट धरून ठेवला.

"लांबून एकदा हाक मार की," एकदा तो कलावतीला म्हणाला. "अवो म्हन. पैल्यासारकं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चुलीच्या भिंतीकडे पाहिलं, आणि परवानगी आहे की नाही हे विचारल्यासारखं पुन्हा त्याच्याकडे. सहदेवने पुन्हा तो विषय काढला नाही.

ती बाजेवर त्या भिंतीला पाठ लावून बसायची. तासन् तास.

गिलाव्याला तडा गेला. तो जायचाच होता. हवेला वाट ठेवली नव्हती. बाजेच्या वर, हाताच्या अंतरावर, केसाइतकी बारीक रेघ. सहदेवने भिजवलेला चुना वाडग्यात पाण्याखाली ठेवून दिला होता. पाच मिनिटांचं काम. रोज सकाळी तो वाडग्यातलं पाणी बदलायचा आणि कामावर जायचा. ती रेघ भरायची म्हणजे तिच्याजवळ तोंड न्यावं लागलं असतं, कान न्यावा लागला असता. जो माणूस दुसऱ्यांच्या भिंतीतली एवढीशी फट बघून नाक मुरडायचा, तो आपल्या घरातल्या तड्याकडे सरळ कानाडोळा करत होता.

७

कळा सुरू झाल्या त्या दुपारच्या जेवणानंतर. रखमाबाई आली, दार लागलं. सहदेव जांभळाखाली बसला. सुहासिनीबाई त्याच्यासाठी चहा घेऊन आल्या आणि त्याला एकट्याला बघून तिथेच पायरीवर टेकल्या. बराच वेळ आतून काही आवाज नव्हता. सहदेव थापीने मातीवर रेघा ओढत होता.

मग आतून हाक आली.

"सहदेव!"

त्याच्या हातातली थापी पडली. पुन्हा आली, आणि पुन्हा. नाव घेऊन, लाज सोडून, बुडणारं माणूस मारतं तशी. सुहासिनीबाई कानकोंड्या होऊन हसल्या.

"घेऊ द्या हो नाव," त्या म्हणाल्या. "जिवावर बेतलं की कोण पाळतं? मीसुद्धा घेतलं होतं."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन बाळंतपणांत तो बांधावर लांब जाऊन बसला होता, पुरुषांनी बसावं तसा, आणि तिने कुणाला काय हाक मारली ते त्याला ठाऊक नव्हतं. जिवावर बेतलं की बाई नवऱ्याचं नाव घेते. मग त्या दिवशी धुराड्यातून आलेली हाकही तिचीच असेल. त्याला वाटलं, आपण उठून वर चढावं, फरशी काढावी. त्याने पडलेली थापी उचलली आणि तिथेच बसून राहिला.

हाका थांबल्या. जांभळावरच्या पाखरांचा आवाज तेवढा राहिला. सुहासिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मूल रडलं.

खणखणीत रडलं. अण्णा बंगल्यातून बाहेर आले. सुहासिनीबाईंनी हात जोडले. सहदेवच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, त्याने ते पुसलंही नाही. इतका सुखी तो कधीच झाला नव्हता. त्या क्षणी त्याच्या मनात दुसरं काहीही नव्हतं.

"ऊन पाणी आना," आतून रखमाबाई म्हणाली. तो पातेलं घेऊन आत गेला.

रखमाबाई पाय लांब करून बसली होती आणि तिच्या पायांवर मूल पालथं होतं, न्हाऊ घालताना ठेवतात तसं. "ऐका, काय गळा हाय," ती त्याच्या पाठीवर पाणी घालत म्हणाली. "बापाला ऐकव, ऐकव." मुलाचा चेहरा तिच्या बाजूला नव्हता. तो दाराकडे होता.

मुलगा होता. अंग गुलाबी होतं, पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती. डोळे उघडे होते. तोंड मिटलेलं होतं. ओठाला ओठ लावून ते मूल सहदेवकडे बघत होतं, आणि खोलीत रडण्याचा आवाज भरून राहिला होता.

सहदेवने पातेलं खाली ठेवलं. बाजेवर कलावती पडली होती, डोळे मिटून, पांढरी पडलेली. तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर ती रेघ होती. तो बाजेला वळसा घालून तिथे गेला, आणि जे इतके दिवस टाळलं ते केलं. कान नेला. आत मूल रडत होतं. कोरड्या, खूप लांब जाणाऱ्या जागेत. आणि कुणीतरी त्याला जोजवत होतं. "न्हाई, न्हाई, गप माज्या राजा," असं कलावतीच्याच आवाजात म्हणत होतं. खाली कलावतीचे ओठ हलत नव्हते.

हातोडा कोपऱ्यात होता. दोन घावांचं काम होतं. सहदेवने वळून पाहिलं. मुलगा श्वास घेत होता. खरा, गरम, वाफाळत्या पाण्याखाली. भिंत फोडली तर कोण बाहेर येईल ते त्याला माहीत होतं. बाजेवरच्या बाईचं आणि पायांवरच्या पोराचं मग काय होईल, ते माहीत नव्हतं.

वाडगा खिडकीत होता. त्याने दोन बोटांवर चुना घेतला आणि रेघेच्या वरच्या टोकापासून दाबत खाली आणला. अंगठ्याने नीट आत सारला, एकही पोकळी राहू दिली नाही. आवाज बारीक होत गेला. शेवटच्या टिचभर जागेत तो डासाएवढा उरला, मग तोही गेला.

"गप झालं," रखमाबाई म्हणाली. "गुणाचं हाय पोर." तिने त्याला धडुत्यात गुंडाळून कलावतीच्या कुशीत दिलं आणि पाणी टाकायला बाहेर गेली.

कलावतीने डोळे उघडले. मुलाकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, अंगठ्यावरच्या ओल्या चुन्याकडे, आणि मग त्याच्या तोंडाकडे.

"रडलं न्हवं?" तिने हळूच विचारलं.

"रडलं," सहदेव म्हणाला. "समद्यांनी ऐकलं."